सर्वांना कळविण्यात येते की…

चंद्रावर पाणी असल्याची बातमी मला २००९ साली घरबसल्या, चहा पिता पिता कळली होती. माझ्या स्वतःच्या नळाला शनिवारी पाणी नाही, ही बातमी मात्र मला शनिवारीच कळते, तीही डोक्याला शाम्पू लावून झाल्यावर.

बरं, बातमी आलेली नसते असं मुळीच नाही. ती गुरुवारी दुपारीच सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडलेली असते. तिच्या डोक्यावर उगवता सूर्य असतो, पायाशी गुलाबाचं फूल असतं आणि शेजारी ‘बी विंगमध्ये कोणाची चप्पल बदलून गेली आहे का’ ही पृच्छा असते. त्या चपलेवर रात्री उशिरापर्यंत साधकबाधक चर्चा झालेली असते. तीत चप्पल डाव्या पायाची की उजव्या, इथपासून पूर्वीच्या काळी चपला कशा टिकायच्या, इथपर्यंत सगळं येऊन जातं. पाण्याचा निरोप या सगळ्याखाली कुठेतरी बुडालेला असतो. आमच्या सोसायटीत पाण्याने बुडण्याचा एवढाच प्रसंग येतो.

त्यातून आमचे सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असले, तरी त्यांची भाषा अजून नोकरीतच आहे. ‘सर्व सन्माननीय सभासदांना सविनय कळविण्यात येते की’ इथून ते सुरुवात करतात. मग मुख्य जलवाहिनी, तिची गळती, व्हॉल्व्ह, जलकुंभ, तांत्रिक देखभाल अशी स्थानकं घेत घेत त्यांची गाडी पुढे सरकते. ‘पाणी येणार नाही’ हे शब्द ज्या ओळीत असतात, तिच्या बरोबर आधी व्हॉट्सॲप ‘रीड मोअर’ असं लिहून हात वर करतं. पुढे कोणी जात नाही. मात्र निरोपाखाली अंगठ्यांची ही रांग लागलेली असते. पूर्वी ज्याला वाचता येत नसे तो अंगठा उठवायचा. आता ज्याला वाचता येतं तो न वाचता उठवतो.

एका शनिवारी मी एक डोळा मिटलेल्या अवस्थेत सेक्रेटरींना फोन लावला.

“ग्रुपवर टाकलं होतं की,” ते म्हणाले.

“एवढं मोठं कोण वाचतं, साहेब?”

“तुम्ही वाचलंत. तुमचा अंगठा आहे खाली. शिवाय नमस्कारसुद्धा आहे.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. शाम्पू दुसऱ्या डोळ्यातही उतरला होता.

ज्यांच्याकडे ग्रुप नाही किंवा ज्यांच्याकडे फक्त अंगठा आहे, अशांसाठी अधूनमधून भोंगा लावलेली रिक्षा फिरते. या रिक्षाची एक खुबी आहे. ती ‘नागरिकांनो’ हा शब्द नेहमी मागच्या गल्लीत उच्चारते आणि ‘याची नोंद घ्यावी’ हे पुढच्या गल्लीत. आमच्या वाट्याला येतो तो मधला मजकूर. तो ऐकू यावा म्हणून आम्ही सगळे गॅलरीत धावतो, आणि प्रत्येक जण शेजारच्याला ‘शूऽऽ, ऐका, ऐका’ असं इतक्या मोठ्याने सांगतो की रिक्षावाला स्वतः दचकून वेग वाढवतो.

मागच्या खेपेला रिक्षा गेल्यावर आम्ही ऐकलेले तुकडे एकत्र केले. पहिल्या मजल्याला ‘उद्या’ हा शब्द निःसंशय ऐकू आला होता. तिसऱ्या मजल्याकडे ‘कमी दाबाने’ होतं. गच्चीवर वाळवणाची राखण करणाऱ्या आजींनी ‘लसीकरण’ ऐकलं होतं आणि त्या शब्दावरून मागे हटायला त्या तयार नव्हत्या. बराच खल होऊन शेवटी सर्वानुमते ठरलं, की उद्या कमी दाबाने लसीकरण होणार आहे. सेक्रेटरींनी तसं सविनय कळवलंसुद्धा. खाली अंगठे आले.

आता गंमत अशी, की निरोप पोचवण्याच्या कामात आमचं नाशिक हे काही नवशिकं गाव नव्हे. इंग्रजी अमलात टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची, ती १९२५च्या सुमारास नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागले. २१ नोव्हेंबर १९४७ला स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट निघालं, साडेतीन आण्यांचं, तिरंग्याचं चित्र असलेलं. तेही आमच्या नाशिकरोडचं. म्हणजे देशभरच्या लोकांनी एकमेकांना खुशाली कळवली ती आमच्या गावच्या तिकिटांना जीभ लावून. पोस्टकार्डाचा तर मोठाच उपकार होता. माणसाला कितीही बोलायचं असलं तरी कार्ड संपलं की तो संपायचा. फार तर समासात उभं लिहून, पत्त्याच्या बाजूला घुसखोरी करून ‘चि. बाळूस आशीर्वाद’ एवढं कोंबायचा. पण चपलेवर चर्चा करण्याएवढी जागा त्यात कोणालाच मिळाली नाही.

तारेचं त्याहून बरं होतं. तिथे शब्दाला पैसे पडायचे. त्यामुळे एरवी एका वाक्यात तीनदा श्वास घेणारी माणसं तार करायला उभी राहिली की एकदम ऋषितुल्य मितभाषी व्हायची. १४ जुलै २०१३च्या रात्री देशातली तार बंद झाली, आणि माझा असा पक्का समज आहे की आमचे सेक्रेटरी १५ जुलैच्या सकाळपासून मोकाट सुटले. सोसायटीच्या वार्षिक सभेत मी सूचना मांडली, की ग्रुपवर शब्दामागे एक रुपया आकारावा. म्हणजे ‘शनिवारी पाणी नाही’ हा निरोप तीन रुपयांत होईल आणि रंगकामाचा निधीही उभा राहील. सभेने सूचना टाळ्यांच्या गजरात स्वीकारली. सेक्रेटरींनी मला ती सविस्तर लिहून द्यायला सांगितली, सहपत्रांसह. ती आता ग्रुपवर कुठेतरी आहे, सूर्य आणि गुलाब यांच्या दरम्यान.

निरोप मोजका असला की किती टिकतो, हे बघायचं तर पांडवलेण्यांवर जावं. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्र सातकर्णीचा एक आदेश कोरलेला आहे. गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला उद्देशून तो आहे आणि त्याचा सारांश असा: डोंगरावरच्या भिक्षूंना आम्ही पूर्वी काखडी गावातलं शेत दिलं होतं, पण ते शेत कोणी कसत नाही आणि त्या गावात वस्तीही नाही, तर आता नगराच्या हद्दीवरच्या आमच्या जमिनीतली १०० निवर्तनं त्यांना द्यावीत. थोडक्यात, जागेची पाहणी न करता दिलेला प्लॉट आणि त्यावरचा सुधारित आदेश. दोन हजार वर्षं होत आली, पण हा मजकूर नाशिककराला अजून ओळखीचा वाटतो. आदेश पावसाळ्यात लिहिल्याची आणि त्याची अंमलबजावणी उन्हाळ्यात झाल्याची नोंदसुद्धा तिथेच आहे. तीही ओळखीची वाटते.

मला त्यात भुरळ पडते ती लोटा नावाच्या बाईंची. राजाचा आणि राजमातेचा हा आदेश ज्या प्रतिहारीमार्फत निघाला, तिचं नाव लोटा. म्हणजे दारावर उभं राहायचं, आतलं ऐकायचं आणि बाहेर सांगायचं. लोटाबाईंना १०० निवर्तनं सांगितली आणि दगडावर १००च उतरली! आमच्या इमारतीत हेच काम निघालं असतं तर तिसऱ्या मजल्यावरून निघालेली १०० निवर्तनं तळमजल्यावर पोचेपर्यंत ५०० झाली असती, वर ‘आतल्या गोटातून कळतं की राजा डोंगरही विकणार आहे’ अशी पुस्ती जोडलेली असती. कोरणाऱ्यानेही कमाल केली आहे. श्यामकाची खुशाली विचारण्याचं सौजन्य दगडावरसुद्धा सुटलेलं नाही, पण गुलाबाचं फूल नाही. छिन्नी आपल्या हाताला लागते म्हटल्यावर माणूस नेमकं बोलतो.

एकूणच आमच्या भागात तोंड न उघडता सांगणाऱ्यांची परंपरा थोर आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली एक अक्षर न बोलता अख्खा हरिश्चंद्र सांगितला आणि तो लोकांना कळला. हल्ली माझ्या घरात सिनेमा चालू असताना सगळे बोलतात, पडद्यावरचे आणि सोफ्यावरचे, आणि संपल्यावर ‘म्हणजे शेवटी तो कोण होता?’ हा प्रश्न उरतो.

पण या सगळ्या अबोलांचा मुकुटमणी म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. त्याला दोन तोंडं आहेत, पुढे एक आणि मागे एक, आणि दोन्ही बंद आहेत. आम्हाला एकच असून काय परिस्थिती आहे ते सर्वज्ञात आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ‘इतके हजार क्युसेक विसर्ग’ अशी बातमी येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. हा गुणाकार करत बसणारा नाशिककर मी पाहिलेला नाही. तो एवढंच विचारतो, “मारुतीला कुठवर?” गुडघ्यापर्यंत म्हटलं की तो चहा मागवतो. कंबरेपर्यंत म्हटलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागतात. छातीला लागलं की सराफ बाजारातली मंडळी सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजायला लागतात. आणि डोक्यावरून गेलं, तर मग सांगायला मारुतीच दिसत नाही, हेच सांगणं. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये मारुतीराय असे दिसेनासे झाले होते. त्याही पलीकडची खूण नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे. मराठ्यांनी १७३९ साली वसई घेतली त्या विजयाची आठवण सांगणारी ती पोर्तुगीज घंटा. पाणी तिला टेकलं की महापूर, असं जुनी माणसं सांगतात. ‘सविनय’ नाही, ‘सन्माननीय’ नाही.

अशी सोय असताना माणसाने मारुतीकडे बघून गप्प बसायला काय हरकत आहे? पण आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना गप्प बसणं मानवत नाही. मेसेज पुढे ढकलणं हे त्यांनी निवृत्तीनंतर व्रतासारखं घेतलं आहे. व्हॉट्सॲपने २०१८ साली एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. २०२० साली फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम आला, तेव्हा काकूंनी मला बोलावून घेतलं, “जरा यांच्याशी बोला.” मी जाईपर्यंत काकांना कॉपी-पेस्टचा शोध लागला होता आणि ते शिरा खात होते.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ते हातात फोन घेऊनच आत आले.

“धरण फुटलं!”

“कोणी सांगितलं?”

“आलंय. ‘ताबडतोब सर्वांना पाठवा’ असं लिहिलंय.”

“तुम्हाला खरं वाटतं?”

“छे! धरण काय असं फुटतं?”

“मग पाठवलंत कशाला?”

“अहो, मला खरं वाटत नाही म्हणून लोकांना कळवायचं नाही का?”

“आणि खोटं निघालं तर?”

“तर ‘ती बातमी खोटी आहे’ असं पाठवू. म्हणजे दोन होतील.”

दोन होतील म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून मला इतके दिवस न उलगडलेली एक गोष्ट उलगडली. माहिती कोणालाच नको असते. मिळाली तर अडचणच होते, कारण मग ती वाचावी लागते. हवी असते ती सांगायची संधी, आणि तीही दुसऱ्याने सांगायच्या आत.

एवढ्यात न्यूजर्सीहून भाच्याचा फोन आला. तिकडे पहाट व्हायची होती.

“मामा, मारुतीच्या कंबरेच्या वर पाणी गेलंय आणि तुम्ही घरात काय करताय?”

“तुला कोणी सांगितलं?”

“व्हिडिओ आला. पाठवू का?”

त्याने पाठवला. इंदिरानगरात बसून गोदावरीचं पाणी मी अमेरिकेमार्गे पाहिलं. पाहता पाहता लक्षात आलं, की व्हिडिओत मागे जो आवाज ‘बाई बाई बाई, केवढं हे पाणी’ असं म्हणतोय, तो माझ्या मेहुणीचा आहे. ती पंचवटीत राहते. तिने होळकर पुलावरून काढलेला व्हिडिओ पुण्याला गेला, पुण्याहून न्यूजर्सीला गेला आणि तिथून माझ्याकडे आला. मी मेहुणीला फोन केला.

“मला का नाही पाठवलास?”

“तुम्ही काय, नाशिकमध्येच आहात. तुम्हाला काय नवल?”

काकांनी तोवर तो माझ्या फोनवरून स्वतःच्या फोनवर घेतला होता आणि मेहुणीच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांना पाठवला होता.

मग अर्थातच आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. व्हिडिओ पाहिलेला असला तरी स्वतः काढलेला नव्हता. मुंबई नाका, शालिमार, रविवार कारंजा असं करत होळकर पुलाजवळ पोचलो तर अख्खं नाशिक तिथे आलेलं. प्रत्येकाने पूर घरीच पाहून घेतला होता, त्यामुळे आता नदीकडे बघायची कोणालाच गरज नव्हती. सगळे तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते. पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत होती, “नदीकाठी गर्दी करू नका, घरी जा.” ही सूचना इतकी महत्त्वाची होती, की शंभर हात उंचावले आणि सर्वांनी तिचा व्हिडिओ काढला. तो गावभर गेला आणि थोड्याच वेळात, काय सूचना चालली आहे ते प्रत्यक्ष ऐकायला आणखी माणसं आली.

घाटाच्या वरच्या अंगाला एक फुलंवाल्या मावशी हारांची टोपली आवरत होत्या.

“मावशी, पाणी वाढतंय का हो?” मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“तो काय मारुती. दिसतोय ना? चष्मा लावून येत जावा.”

पण ‘दिसतोय’ एवढ्यावर भागेल तर आम्ही कसले? काकांनी जाहीर केलं, की आता आपण लाइव्ह जायचं. ते एका पायरीवर उभे राहिले, मला त्यांनी दोन पायऱ्या खाली उभं केलं, ‘स्केल कळायला पाहिजे’ म्हणाले, आणि मोबाईल समोर धरून सुरू झाले: “नमस्कार. आपण पाहता आहात नाशिकची गोदामाई. माझ्यासमोर उभे आहेत येथील एक जाणकार नागरिक. काय सांगाल, पाण्याची परिस्थिती काय आहे?”

मी घसा साफ केला. आयुष्यात प्रथमच मला कोणीतरी जाणकार म्हटलं होतं. मी विसर्गापासून सुरुवात केली, क्युसेकवर आलो, एक घनफूट म्हणजे २८ लिटर हे नीट समजावलं. मग सातवाहनकाळात शिरलो. लोटाबाईंपर्यंत पोचतो तोच खिशातला फोन थरथरला. न्यूजर्सी.

“मामा, बोलणं थांबवा आणि खाली बघा.”

“अरे, लाइव्ह चालू आहे.”

“तेच बघतोय! तुमच्या पायरीवर पाणी आलंय. मागे सरका!”

मी खाली पाहिलं. चपलांचा रंग दिसेनासा झाला होता. मी ओरडलो, “काका, मागे व्हा, पाणी चढतंय!” काका म्हणाले, “एक मिनिट, हेच परत बोला, आवाज नीट आला नाही.” शेवटी मावशींनी टोपली खाली ठेवली, आम्हा दोघांना दंडाला धरून वर ओढलं आणि काही न बोलता पुन्हा हार आवरायला लागल्या.

घरी पोचलो तर दार उघडंच होतं. बायको फोन हातात घेऊन अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसली होती.

“अहो, हे वाचलंत का? ‘गोदाघाटावर दोन वृद्ध वाहून जाताना अमेरिकेतून वाचवण्यात यश.’”

“बरं.”

“या वयात पुरात उतरायचं म्हणजे काय? घरच्यांना तरी कळायला नको? कोण असतील हो हे बावळट?”

“कळलं की सांगतो,” मी म्हटलं. “तू पुढे नाही ना पाठवलंस?”

“मी कशाला पाठवू?” ती म्हणाली. “मीच तर लिहिलंय. आत्ताच न्यूजर्सीहून फोन आला होता.”

मी मुकाट्याने सोसायटीचा ग्रुप उघडला. अंगठे आले होते. सर्वांत वरचा सेक्रेटरींचा होता, आणि त्याखाली काकांचा.